जामीनदाराची बायको

बेबाबाईच्या शेतात विहीर नव्हती, पण विहिरीची पाटी होती. चांगली लोखंडी, निळ्या रंगाची. वर योजनेचं नाव, खाली लाभार्थी म्हणून बेबाबाईचं नाव आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात 'काम पूर्ण'. पाटीच्या चारी अंगांना बाजरीचं धसकट. पिंपळनेरहून वर डोंगराकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात अशा नऊ पाट्या होत्या. विहीर एकही नाही. त्या पाट्यांचा उपयोग झाला तो शेळ्यांना, पाठ खाजवायला.

पाटी रोवायला आलेल्या माणसाला बेबाबाईनं विचारलं होतं, विहीर कुठे आहे बाबा? तो म्हणाला, मला पाटीचं सांगितलंय, विहिरीचं नाही. मग ती ग्रामपंचायतीत गेली. तिथे हितेंद्र भाऊसाहेब, म्हणजे गावचा ग्रामसेवक, खुर्चीत मागे रेलून हसला आणि म्हणाला, अक्का, सरकारी पद्धत अशीच असते, आधी पाटी येते, मग विहीर येते. या उत्तरावर तिनं दोन उन्हाळे काढले. डोक्यावर हंडा घेऊन नाल्यापलीकडच्या हातपंपावर जायचं आणि येताना स्वतःच्याच नावाची पाटी वाचायची. वाचता येत होतं हेच वाईट. न येणाऱ्या बायका निदान नुसतं पाणी तरी आणायच्या.

बेबाबाई तोंडाची फटकळ. माहेरी तिला तिखी म्हणायचे, सासरी काय म्हणायचे ते ती ऐकत नसे. एखादी गोष्ट तिला पटली नाही की तिच्या कपाळावर आधी आठी पडायची, मग पदर कमरेला जायचा आणि मग समोरच्याची काही खैर नसायची. आणि अशा बाईला देवानं नवरा दिला लोटन. लोटन म्हणजे गावातलं गरीब गाय माणूस. कोणाचं लग्न ठरवायचं, बोलवा लोटनआबाला. कोणाच्या बांधाचं भांडण, बसवा लोटनआबाला मध्ये. कोणाचं लाकूड वाहायचं, कोणाची म्हैस ओढून काढायची, लोटनआबा हजर. उभ्या जन्मात त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कोणी ऐकला नाही. गाव त्याला देवमाणूस म्हणायचं. बेबाबाईला त्या शब्दाची चीड होती. देवमाणसाच्या घरात चूल कोण पेटवतं, ते गावाला कुठे ठाऊक होतं?

विहिरींचं प्रकरण बेबाबाईनंच उभं केलं. बाकीच्या आठ घरांतल्या बायकांना तिनं एकेक करून बाहेर काढलं. उषा तर पहिल्यांदा दार लावून बसली होती, मालक रागवतील म्हणून. तिला हाताला धरून ओढलं. नवरे मागे राहिले, बायका साक्रीला गेल्या, तिथून धुळ्याला. एका साहेबानं हाकललं, दुसऱ्यानं चहा पाजून हाकललं, तिसरा नवा होता, त्यानं गाडी काढली आणि गावात येऊन नऊ पाट्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. अपहाराचा गुन्हा दाखल झाला. तो साहेब जाताना म्हणाला, प्रकरण टिकलं तर पैसा वसूल होईल आणि नऊच्या नऊ विहिरी पुन्हा मंजूर होतील. फक्त तुम्ही सगळ्या जणी एका शब्दावर राहा. बेबाबाईनं ते एवढं पक्कं धरलं की झोपेतही तिच्या तोंडी तेच.

गुन्हा दाखल झाला तसा हितेंद्र गायब झाला. गायब म्हणजे काय, तर धुळ्यात देवपूरला भावाच्या बंगल्यात. पोलीस शोध घेत होते आणि तो गच्चीवर ऊन खात बसला होता. भाजीवाल्याला माहीत, दूधवाल्याला माहीत. तिथे बसून त्यानं वकील लावला आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला, म्हणजे अटक व्हायच्या आधीच सुटायची सोय.

सुनावणीला बेबाबाई धुळ्याला गेली. भाकरी फडक्यात बांधून, उषाला सोबत घेऊन, पहाटेच्या एसटीनं. कोर्टात मागच्या बाकावर बसली. सरकारी वकील म्हणाले, पैसा कोणाकोणाच्या खिशात गेला ते काढायचं तर आरोपी ताब्यात हवा. हितेंद्रचा वकील म्हणाला, सगळी कागदपत्रं जप्त झाली आहेत, आता काढायचं काय राहिलं? माझा अशील इथलाच, घरदार इथलं, म्हातारी आई आहे, पळून जाणारा माणूस नव्हे. न्यायाधीशबाईंनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले. पुढच्या तारखेला हुकूम झाला. जामीन मंजूर. अटी अशा की दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची, साक्षीदारांना भेटायचं नाही, पुराव्याला हात लावायचा नाही आणि शेतीवाडी असलेला एक जामीनदार द्यायचा.

उषा तिथेच व्हरांड्यात रडायला लागली. गेलं म्हणे सगळं. बंदोबस्ताला असलेली एक पोलीस बाई, ज्योत्स्ना नावाची, साक्रीकडचीच निघाली. तिनं दोघींना बाजूला घेऊन समजावलं, की बाई, जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला आहे तिथेच आहे. तो फक्त कोठडीत न बसता बाहेर बसणार. तुमची साक्ष पक्की असली की झालं. बेबाबाईनं ते दोनदा वदवून घेतलं. एसटीत बसल्यावर उषालाही तेच दोनदा ऐकवलं. मनातून चरफडत होती, पण न्यायाधीशबाईंचा तिला राग आला नाही. बाईंनी नियमानं केलं. पळून जाणार नाही असं वाटलं, म्हणून सोडलं. आणि खरंच कशाला पळेल तो? इथे त्याचं सगळं मजेत चाललं होतं.

आता जामीनदाराची गोष्ट ऐका, म्हणजे माणसं काय लायकीची असतात ते कळेल. ज्या भावाच्या बंगल्यात हितेंद्र लपला होता, तो योगराज. शेती आहे, बंगला आहे, दारात गाडी आहे. बंगल्याचा वरचा मजला कोणाच्या विहिरींतून वर आला, ते देवपूरच्या त्या गल्लीत कोणाला सांगावं लागत नव्हतं. पण जामीन राहायची वेळ आली तशी त्याची शेती एकाएकी बायकोची झाली, बंगला बँकेचा झाला आणि त्याला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. मेहुण्यानं फोन उचलला नाही. सासऱ्यानं उचलला आणि देवदर्शनाला निघालोय म्हणून ठेवला. खायला सगळे होते. नाव द्यायला सख्ख्या रक्ताचं कोणी पुढे येईना. शी.

मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की गावात असा एक माणूस आहे ज्याला नाही म्हणता येत नाही.

साक्षीदारांना भेटायचं नाही अशी हितेंद्रला अट होती. म्हणून तो आला नाही. त्यानं आईला पाठवलं. प्रमिलाबाई, सत्तरीची, पांढऱ्या केसांची, काठी टेकत रिक्षातून उतरली. बेबाबाई तेव्हा कांद्याच्या लागणीला गेली होती, हे पाहूनच रिक्षा आली असणार. म्हातारी लोटनच्या दारात बसली. ओट्यावर नाही, खाटेवर नाही, उंबऱ्याशी खाली मातीत. आणि तिनं पदर पसरला.

दारात आलेल्या आईच्या वयाच्या बाईनं पदर पसरला, तर तो रिकामा परत जाऊ द्यायचा नाही, एवढं त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. त्यावर भांडणं मिटतात, मोडलेली लग्नं जुळतात. आणि वर आणखी एक होतं. लोटनचा बाप गेला तेव्हा हितेंद्र दारावर आला होता. म्हणजे सांत्वनाला, तिकडे तसंच म्हणतात. सतरंजीवर मांडी घालून बसला होता, डोळे पुसले होते. जो आपल्या दारावर आला, त्याच्या अडचणीला आपण जायचं, हा लोटनचा धर्म. म्हातारी म्हणाली, काही द्यायचं नाही रे भाऊ, फक्त सांगायचं की माझा पोर पळून जाणार नाही. लोटनला त्यात काही वावगं दिसलं नाही. पोर पळून जाणार नव्हताच. त्यानं टोपी घातली, शेताचा उतारा घेतला आणि रिक्षात बसला. ठाण्यातल्या हवालदारानं उताऱ्यावरची दोन्ही नावं, लोटनचं आणि तक्रारदार बेबाबाईचं, वाचली, मान वर करून लोटनकडे पाहिलं आणि विचारलं, आबा, पक्कं ना? लोटन म्हणाला, पक्कं. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता.

बेबाबाईला हे कसं कळलं, तर बँडच्या आवाजानं. संध्याकाळी लागणीच्या बायकांना घेऊन ट्रॅक्टर गावात शिरला, तर चौकात बँड वाजत होता, फटाके फुटत होते. ग्रामपंचायतीसमोर हितेंद्रचा फोटो छापलेला भलामोठा बॅनर, त्यावर 'सत्याचा विजय'. जामीन झाला म्हणजे भाऊसाहेब जिंकले, असं सगळ्या गावानं धरून घेतलं होतं, कारण तसंच सांगितलं गेलं होतं. सरपंच हार घालत होता. ज्यांच्या शेतात पाट्या उभ्या होत्या, त्यातले दोघे-तिघे बाप्ये पेढा खात उभे होते. चोराच्या हातचा पेढा, आणि तोही बहुधा त्यांच्याच पैशाचा. आणि मधोमध खुर्च्यांवर हितेंद्र, त्याच्याशेजारी शाल पांघरून, गळ्यात झेंडूचा हार घालून बसला होता लोटन. कोणीतरी त्याला बसवलं होतं आणि तो बसला होता. बायकोला पाहून तो हसला. कोणी मोठेपणा दिला की तो जसा लाजून हसायचा, तसाच.

बेबाबाई ट्रॅक्टरवरून खाली उतरली, कोणाकडे न बघता घरी गेली आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

लोटन घरी आला तेव्हा चूल थंड होती. हार काढून त्यानं खुंटीला अडकवला. बेबाबाईनं तो खुंटीवरून काढला आणि बाहेर म्हशीपुढे टाकला. लोटननं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला कळलं नव्हतं.

"माय दारमा पदर पसारीसन बसनी," तो म्हणाला. "मी काय करू?"

बेबाबाईनं त्याला विचारलं, की माझ्या डोक्यावरचा हंडा तुम्हाला कधी दिसला का? माझ्या हंड्याला पदर नव्हता म्हणून दिसला नाही का? वाईट माणसाशी भांडता येतं. या माणसाशी कसं भांडायचं, तेच तिला तीस वर्षांत समजलं नव्हतं. तिला त्याचा राग नाही आला, किळस आली. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, आणि ती तिनं बोलून दाखवली. लोटनला ते लागलं असावं. तो जेवला नाही. पण जामीन काढून घ्या म्हटल्यावर त्यानं नकारार्थी मान हलवली. म्हातारीला शब्द दिलाय. आता मागे कसा घेऊ?

त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. दुसऱ्याच दिवशी उषा सांगायला आली. दारातच उभी राहिली. "बेबाअक्का, तुना घरनाच त्याना जामीन रायनात. मंग आम्हीन कोना भरोसावर उभं राहवानं?" आणि गेली. तिच्यामागून एकेक करून बाकीच्या. कोणी ठाण्यात जाऊन सांगितलं, की आम्हाला काही माहीत नाही, बेबाबाईनं नेलं म्हणून गेलो. कोणी भावाकडे निघून गेली. दर सोमवारी हितेंद्र मोटारसायकलवरून ठाण्यात हजेरी लावायला जायचा, इस्त्रीचा शर्ट, गॉगल. हातपंपाकडच्या वळणावर बेबाबाई दिसली की हॉर्न वाजवायचा. साक्षीदाराला भेटायचं नाही अशी अट होती. हॉर्न वाजवायचा नाही असं कुठे लिहिलं होतं?

नव्या साहेबानं मात्र हार मानली नव्हती. त्यानं आता रीतसर मोजणी लावली. इंजिनियर येणार, प्रत्येक पाटीपाशी उभं राहून विहीर आहे की नाही ते लिहिणार, त्यावर पंचांच्या सह्या होणार. बाकी काही न टिकलं तरी ते टिकणार होतं. बेबाबाईचा सगळा जीव त्या दिवसावर होता.

मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी तिला शेताकडून घरघर ऐकू आली. जाऊन पाहते तर पाटीजवळ जेसीबी. पिवळा हात खाली जात होता आणि माती वर येत होती. बांधावर लोटन उभा, आणि त्याचा चेहरा असा उजळलेला की बेबाबाईला क्षणभर आपलं लग्न आठवलं. लोटन सांगायला लागला, की भाऊसाहेबाला खूप वाईट वाटलं, म्हणे आबा, तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात, तर पहिली विहीर तुमची. मशीन त्यानंच पाठवलंय. आपण फक्त हो म्हणायचं होतं.

अर्थात लोटननं हो म्हटलं होतं.

बेबाबाईला सगळं एका झटक्यात दिसलं. उद्या इंजिनियर येणार, त्याला इथे खड्डा दिसणार. काम सुरू आहे, जरा उशीर झाला, असं लिहिलं जाणार. ज्या बाईनं तक्रार केली तिच्याच शेतात विहीर निघाली, म्हटल्यावर बाकीच्या आठ पाट्यांना कोण विचारतो? एक खड्डा खणून नऊ विहिरी गिळायच्या. आणि तो खड्डा तिच्याच गळ्यात बांधायचा, तिच्याच नवऱ्याच्या हातानं. तिला हितेंद्रच्या हिकमतीचं नवल वाटलं, इतकी सडकी हिकमत होती ती.

ती धावत जाऊन मशीनपुढे उभी राहिली. ड्रायव्हर पोटार्थी माणूस, पिंपळनेरचा. त्यानं इंजिन बंद केलं. बाईमाणसाच्या अंगावर मशीन घालायला तो काही आला नव्हता. ती म्हणाली, खणलंस तसं बुजव. तो म्हणाला, मावशी, बुजवायचं मला कोणी सांगितलं नाही. त्यानं कोणाला तरी फोन लावला, खालमानेनं चार शिव्या ऐकल्या आणि मशीन घेऊन निघून गेला.

खड्डा पुरुषभर खोल गेला होता. बेबाबाई काठाची माती धरत धरत आत उतरली. तळाशी पाय टेकले आणि ती थबकली. पायाला गार लागलं. तिनं वाकून मूठभर माती उचलली. मुठीत दाबली तर बोटांतून ओल आली. ती बघत होती, तोवर टाचेपाशी एवढंसं डबकं साचलं, गढूळ, तळहाताएवढं. दोन उन्हाळे तिनं जिथून हंडा वाहिला, त्याच्या अर्ध्या वाटेवर, तिच्या स्वतःच्या शेतात, एवढ्या वर पाणी होतं. खणणाऱ्यानं खणलं असतं तर आठ दिवसांचं काम. ती तिथेच मटकन बसली आणि खूप वेळ रडली. वर काठावर लोटन उभा होता.

मग ती वर आली. शेतातल्या झोपडीतून घमेलं आणि फावडं आणलं आणि पहिलं घमेलं भरून खड्ड्यात टाकलं.

लोटनला आधी कळेचना. दुसरं घमेलं पडलं, तिसरं पडलं, तसा तो पुढे आला. "काय करी राहिनी तू? पानी लागनं ना खाले."

"लागू द्या," बेबाबाई म्हणाली. "हाई पानी मना घसाखाले उतराव नही."

ती टाकत राहिली. ऊन डोक्यावर आलं. मशीननं घटकाभरात काढलेली माती माणसाच्या हातानं परत लोटायची म्हणजे दिवस जातो. तिच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, तिनं पदराचा तुकडा फाडून गुंडाळला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. पाण्याला मोताद असलेली बाई स्वतःची विहीर बुजवतेय, डोकं फिरलं म्हणाले असतील. उषाही रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. बांध ओलांडून आत काही आली नाही.

दुपार कलली तेव्हा लोटननं टोपी काढून बाजूला ठेवली आणि फावड्याला हात घातला. जन्मभर तो असाच प्रत्येकाच्या कामाला हात लावत आला होता. बेबाबाईनं फावडं त्याच्या हातातून काढून घेतलं. आवाज चढवला नाही.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्ही त्याना जामीन, मना नही."

लोटन मागे सरला. तो बसला नाही आणि गेलाही नाही. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत, हात खाली सोडून, तो तसाच उभा राहिला. बेबाबाईनं शेवटची माती ओढली, अनवाणी पायांनी ती सगळीकडून दाबली आणि वर बाजरीचं धसकट पसरलं. मग ती झोपडीत गेली, हंडा उचलून डोक्यावर घेतला आणि हातपंपाच्या वाटेला लागली.